खेळासाठी घेतलेलं दुखणं

बसा, बसा. बायांनो, मागं काहून बसल्या? समोर या. माझा आवाज लांब जात नाही.

भाऊजी, ताईंची लेक पल्लवी, मोहल्ल्यातले सगळे लोकहो. मी मंदा. वत्सलाताईंची शेजारीण. आपण सगळे त्यांच्या शोकसभेसाठी इथं जमलो, समाजभवनात पाय ठेवायले जागा नाही. माईकसमोर मी कधी उभी राहिली नाही. मले भीती वाटून राहिली, अन् ती फक्त माईकची नाही. कशाची, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर पुढं बोलताच येणार नाही.

ताईंचं माहेर कुही गावचं. शाळेत असताना खो-खो खेळायच्या. मग लग्न झालं, सासरी हातमागावर बसल्या, माग बंद पडले, मग पोरांची शिक्षणं. सगळ्यांचं होते तसंच त्यांचं झालं. पण पाय काही शांत बसले नव्हते. एक दिवस संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभ्या.

"काय करून राहिली वं मंदा?"

म्हटलं, "मेथी निवडून राहिली."

"ठेव ते. मंदिरामागच्या मैदानात चाल. खेळू."

मले यायचं होतं, खोटं काहून बोलू? पण मी विचारलं, "घरी काय सांगू?"

ताई म्हणाल्या, "सांग, डॉक्टरनं चालायले सांगितलं. बाईनं खेळायले जातो म्हटलं तर दहा जण विचारतात. दवाई म्हणून जातो म्हटलं की सारे रस्ता देतात."

खरं आहे की नाही? तुम्हीच सांगा. इथले माणसं रविवारी त्याच मैदानात क्रिकेट खेळतात. पिंपळाखाली पत्ते खेळतात. त्यांले कोणी डॉक्टरची चिठ्ठी मागितली का? तिकडं धरमपेठेत, मोठ्या लोकांच्या वस्तीत, बाया बूट घालून आरामात फिरतात. आपल्या गल्लीत बाई बूट घालून निघाली की दारादारातून आवाज येते, "काहून वं, काय झालं तुले?"

मग काय, गल्लीतल्या बाया जमल्या अन् आम्ही दुखणी वाटून घेतली. सिंधूनं बीपी घेतला. कोणी गुडघे घेतले, कोणी कंबर. माझ्या वाट्याले शुगर आली. घरच्या हिशोबानं आमच्या टीममध्ये एक बाई धड नव्हती, अन् मैदानात पाहा तर पदर खोचून पळून राहिल्या!

हसा, हसा. ताईंले आवडलं असतं.

पण माझं हसू लवकरच गेलं. माझा नितीन, हा समोर बसला आहे, फार काळजी करणारा पोरगा. त्यानं त्याच दिवसापासून माझ्या चहातली साखर बंद केली. आंबा बंद. संक्रांतीचा तिळगूळ बंद. पाहुण्यांनी आणलेली संत्राबर्फी माझ्या हातातून काढून घेतली अन् स्वतः खाल्ली. मले शुगर नाही, कधीच नव्हती. पण तो फिका चहा मी रोज प्याली. पाच वाजले की बूट घालायले मिळत होते ना!

खो-खोत कसं असते, तुम्हाले माहीत आहे. आपण रांगेत बसून राहायचं. मागून कोणी पाठीवर हात मारून खो म्हटलं, तरच उठायचं. ताईंचा हात जड होता. पाठीवर पडला की अंगातून एकदम जोर यायचा. घर, गॅस, नळ, कोणाची बोलणी, सगळं मागं राहून जायचं. लहानपणानंतर मी पहिल्यांदा धावली ते त्या मैदानात. त्या सुखाचं काय सांगू तुम्हाले.

आता पुढचं. हे बोलायले जड जाते.

मागच्या काही दिवसांत ताई मधेच खेळ सोडून भिंतीले टेकायच्या. छातीवर हात. मी जाऊन विचारलं की म्हणायच्या, "गॅस आहे वं. ओवा खाल्ला की जाते." ओव्यानं जात नव्हतं. एकदा चेहरा अगदी पांढरा पडला. मी म्हटलं, "ताई, भाऊजींले सांगा. नाहीतर मी सांगते." त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "मंदा, सांगितलं की माझा खेळ बंद. मग घरात बसून काय छातीचे ठोकेच मोजत राहू?"

समजून राहिलं ना तुम्हाले? ज्या बाईनं नसलेली दुखणी आम्हाले वाटली, तिले असलेलं दुखणं घरी सांगता आलं नाही.

त्या सकाळी ओट्याजवळ कणीक मळता मळता त्या खाली बसल्या, अन् परत उठल्या नाहीत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दुखणं जुनं दिसते. आधी आणायले पाहिजे होतं." भाऊजी, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्हाले माहीतच नव्हतं. माहीत होऊ दिलं नाही.

तेव्हापासून मोहल्ल्यात एकच गोष्ट चालू आहे. या वयात उड्या मारल्या म्हणून गेली. सिंधूले घरच्यांनी फाटकाबाहेर पडू दिलं नाही. माझे बूट नितीननं माळ्यावर टाकले. मैदानात आमची रांग बसायची तिथं आता टेम्पो उभे राहून राहिले. खेळानं गेल्या का ताई? मले माहीत नाही. मी डॉक्टर नाही. रात्रंदिवस हाच विचार डोक्यात आहे. पण लपवल्यानं गेल्या, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून हात जोडून सांगते. आम्हाले खेळायले दुखणं मागू नका. आवडते म्हणून जाऊ द्या. मग खरं दुखणं आलं तर आम्ही ते घरी सांगू. नाहीतर नाही सांगणार. कोणतीच बाई नाही सांगणार.

आता ती भीतीची गोष्ट.

नितीन, इकडं पाह्य, बाबू. मले शुगर नाही. पण जिना चढताना माझ्या छातीत दाटून येते. डावा हात भरून येते. ताई असतानाच सुरू झालं. मी कोणाले सांगितलं नाही. तुले आत्ता सांगून राहिली, साऱ्यांच्या समोर, कारण घरी सांगायची माझी हिंमत झाली नाही. थांब, उठू नको. एक मिनिट. उद्या सकाळी मले दवाखान्यात ने. डॉक्टर खेळायले नाही म्हणाले तर मी रेषेबाहेर बसून बायांचा खेळ पाहीन, तक्रार करणार नाही. पण हो म्हणाले, तर माळ्यावरचे बूट तू आपल्या हातानं काढून दे.

बस. माझं झालं.

आता आपण दोन मिनिटं शांत राहू. उभं राहू नका, बसूनच राहा. आमच्या रांगेत आम्ही बसतो तसे. अन् बायांनो, या दोन मिनिटांत आपापल्या छातीवर हात ठेवून पाहा. काही लपवलं असेल तर घरी जायच्या आधी शेजारच्या बाईच्या कानात सांगा.

ताई, नमस्कार. तुमचा हात माझ्या पाठीवर पडला. मी उठली.