घरातले बूट

माझं माहेर शहागडचं, गोदावरीच्या काठचं, अन् सासर वडीगोद्री. वय सत्तेचाळीस. घराच्या पडवीत आमची पिठाची गिरणी हाय, अठरा वर्षं झाली, मीच चालवते. चुलीपासून गिरणीपर्यंत बराबर बावीस पावलं, मोजलेली. पण सहा वर्षांपासून पोटऱ्या बारीक होत गेल्या, पंजे खाली लोंबायला लागले, सपाट जमिनीवर बी अंगठा अडकायचा अन् मी पडायची. डॉक्टर म्हणले, ताई, स्नायू कमजोर होऊन राह्यलेत, हे बरं होणारं न्हाई, पण स्प्लिंट घातले तर चालणं सुधरंल. मंग जालन्याला जाऊन प्लास्टरमधी पायाचं माप दिलं. प्लास्टिकचे स्प्लिंट आले, पोटरीपासून तळव्यापर्यंत, बुटात बसवायचे. नुसते घातले तर फरशीवर घसरतात.

काय सांगू तुम्हाला, रस्त्यानं चालले की पाय बिलकुल अडकायचा न्हाई, अन् घरातच पडायची. दोन महिन्यांत सात वेळा. सातव्यांदा गिरणीपाशी पडले, चालू गिरणीच्या पट्ट्यापासून हात वीतभर राह्यला. आमच्या मालकांनी पडवीला कुलूप लावलं, म्हणले, आता बास, गिरणी विकून टाकू. मी म्हणलं, एक महिना थांबा.

पुन्हा जालन्याला गेले. स्प्लिंट बनवणाऱ्या भाऊंनी बूट उलटे करून पाह्यले, म्हणले, मावशी, तळ तर नवाच हाय, तुम्ही चालता कुठं? म्हणलं, घरातच की, दिवसभर. ते म्हणले, अन् बूट? म्हणलं, बूट उंबऱ्याबाहेर, स्प्लिंट बी त्यातच, पायताण घालून चुलीपाशी कोण जातं? ते हसले, म्हणले, मंग चष्मा बी उंबऱ्याबाहेर ठेवता का?

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, घरात बी बूट घालावे लागतील. त्यांचं वय ब्याऐंशी, अन् देव चुलीच्याच खोलीत. दुसऱ्या दिवशी म्हणल्या, कोरे बूट आण, रस्त्याची माती न लागलेले, घरापुरते. अन् देवापासून तीन पावलं लांबून चाल. पांढरे कापडी बूट आणले, तर त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसून दिले.

त्या महिन्यात मी एकदा बी पडले न्हाई. मालकांनी कुलूप काढलं.

दुखणं वाढणार, डॉक्टरांनी लपवलं न्हाई. पण जोवर बावीस पावलं माझ्या पायानं होतात, तोवर गिरणी माझ्याच हातानं चालणार. माप घेणाऱ्या त्या भाऊंचं भलं होवो, अन् सासूबाईंना शंभरी लाभो. सकाळी घाईत अनवाणी उठले की त्याच आतून ओरडतात, ए बाई, बूट घाल आधी, घरात हायेस ना!