भेग कोणाला दाखवायची

अंबडच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. घरदुरुस्तीच्या सरकारी कर्जाचा त्यांचा अर्ज नामंजूर होऊन आला होता.

“साहेब भिंतीची भेग पाहायला आल्ता, सगुणा. अन् तू ती बुजवून वरून चुना मारला!”

“मंग? परका माणूस पहिल्यांदा घरी येणार. त्याला पडकं घर दाखवू?”

“तेच तर दाखवायचं होतं!”

“साहेब तर म्हणला, वहिनी, घर लई टापटीप ठिवलं.”

“हां, अन् तेच कागदावर लिहून गेला. आज हातापाया पडलो तवा मंगळवारी पुन्हा येतो म्हणला. मी भेग उकरून ठिवतो. तू बिलकुल हात लावू नको.”

“मंगळवारी? अहो, मंगळवारी आपल्या आकांक्षाला पाहायला पाहुणे येऊन राह्यले!”

“अन् हे मला आत्ता सांगून राह्यली?”

“साहेबाला सकाळीच बोलवा. तो गेला की जल्दी लिंपून घेते.”

“अन् दोघं संगंच आले तर?”

“तर साहेबालाबी पोहे द्या, अन् म्हणा, अर्ज चुकून केल्ता.”