कोट सापडत नाहीये, मास्तर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या करकोचे बास्केटबॉल क्लबचे प्रमुख माननीय रोमुआल्दास, नगराध्यक्षा विल्हेल्मिनाबाई, प्रशिक्षक एगिदियुस, त्यांच्यामागे त्या छोट्या खुर्च्यांत गुडघे कुठे ठेवावेत या विवंचनेत बसलेले आपले सगळे खेळाडू, समोर बसलेले लाउकुपे गावचे लहानथोर नागरिक, आणि जिच्यासाठी आपण सारे जमलो आहोत, जी या क्षणी ‘मास्तर, आटपा’ अशा नजरेने माझ्याकडे बघते आहे, ती आपली गेनोवाइतेबाई, म्हणजे गेनुतेबाई. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटे दिली आहेत. ज्याने बेचाळीस वर्षे शाळेत कविता शिकवली त्याला दहा मिनिटे देणे म्हणजे हत्तीपुढे बशीत पाणी ठेवणे आहे. तरी प्रयत्न करतो. आणि आज आत येताना, कोट घेणाऱ्या फळीमागे मला निळा एप्रन घालून उभा पाहून ज्यांनी हसू दाबले, त्यांचे आभार. ज्यांनी दाबले नाही, त्यांची नावे माझ्या लक्षात आहेत.

मित्रहो, गेल्या गुरुवारी आपण जिंकलो. हे वाक्य मी रोज सकाळी आरशासमोर म्हणून पाहतो. एखादी आवडती ओळ जिभेवर घोळवावी ना, तसे. एकोणीस वर्षांनी आपला संघ बाद फेरीत आला, आणि तिसऱ्या, निर्णायक सामन्यात, आपल्या या लाकडी हॉलमध्ये, एका गुणाने जिंकला. त्याविषयी बोलायला माझ्याहून लायक माणसे इथे बसली आहेत, कारण त्यांनी तो विजय पाहिला. मी पाहिला नाही. का पाहिला नाही, हे सांगण्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

आधी गेनुतेबाईंविषयी दोन शब्द. या हॉलचा नियम तुम्ही जाणता: कोट आणि टोपी घालून आत पाऊल टाकायचे नाही. पूर्वेकडच्या गॅलरीखाली आठशे खुंट्या आहेत, आठशे पत्र्याचे बिल्ले आहेत आणि सदतीस वर्षे तिथे गेनुतेबाई आहे. सामना सुरू होताना उशिरा येणारे येत राहतात, संपल्यावर सगळे एकदम येतात. मधल्या वेळात फळी सोडता येत नाही. म्हणजे काय झाले? आपण सदतीस वर्षे तिच्यापुढे रांगेत उभे राहून पंचाच्या नावाने बोटे मोडली, आर्नासने चेंडू कुणाला द्यायला हवा होता यावर हमरीतुमरीवर आलो. पण आपल्यापैकी एकाने तरी तिला कधी विचारले का, ‘बाई, तुम्ही पाहिलंत का हो?’

तिने एकही सामना पाहिला नव्हता. एकही बास्केट नाही. घरी दूरदर्शन संच आहे, पण आपल्या गावच्या संघाला त्यावर कोण दाखवणार!

आणि तरी तिला सगळे कळायचे. तिच्या डोक्यावर गॅलरीच्या फळ्या, आणि फळ्यांवर आपले पाय. टाचा आपटल्या की बास्केट आपली. बूट नुसते घासले गेले की त्यांची. एकदम शांतता झाली की फ्री थ्रो. शिशिरातल्या रानात कान देऊन बसणारी माणसे मी कवितेत फार शिकवली, पण अशी बाई मला पुस्तकात भेटली नाही.

तिचा राग एकाच जातीच्या माणसांवर होता. संघ हरतोय असे दिसले की गर्दी टाळायला आधीच कोट मागायला येणाऱ्यांवर. त्यांच्यासाठी तिच्याजवळ एक औषध होते. ती बिल्ला घ्यायची, आत जायची, खुंट्यांमधून फिरायची आणि परत येऊन शांतपणे म्हणायची, ‘सापडत नाहीये.’ औषधवाले लिउद्विकास इथे आहेत. एकदा त्यांचा कोट पंचवीस मिनिटे सापडत नव्हता. शेवटचा भोंगा वाजला आणि लगेच सापडला. पहिल्याच खुंटीवर होता.

आता गुरुवार. एप्रिलचा शेवट, आणि दुपारपासून बर्फ. आठशेच्या आठशे खुंट्या भरलेल्या. गेनुतेबाईचा कामाचा शेवटचा दिवस, उद्यापासून निवृत्ती. समोरच्या भिंतीवर ते मोठे कापड लावले होते, ज्यावरच्या ओळी या गरिबाने रचल्या होत्या. आठवतात ना?

वादळ आलं, घरटं हललं, पंख मिटू नका रे,
शेवटचा तो भोंगा होईतो पाठ फिरवू नका रे!

चौथे सत्र सुरू झाले तेव्हा आपण सतरा गुणांनी मागे होतो. वय झाले की माणसाला हरणे सोसते, पण हरताना बघणे सोसत नाही. मी उठलो. माझ्याच कवितेसमोरून, मान खाली घालून, मी काढता पाय घेतला.

मंडळी, असे बघू नका. तेवीस पायऱ्या उतरताना मला काय वाटत होते ते माझे मला माहीत.

बिल्ला पुढे केला. गेनुतेबाईने तो पाहिला, मग मला पाहिले.

‘तुम्ही?’ ती म्हणाली.

‘जरा छातीत धडधडतंय, बाई.’

‘धडधडणारच. बास्केटबॉल आहे.’ ती आत गेली, बाहेर आली. ‘कोट सापडत नाहीये, मास्तर.’

‘अहो, तो काय समोर दिसतोय! तपकिरी, कोपराला ठिगळ आहे.’

‘तो तुमचाच कशावरून? मागच्या मार्चमध्ये तुम्ही लिउद्विकासचा घालून घरी गेला होतात.’

माझ्यामागे पावले वाजली. बेकरीवाल्या स्टेफानियाबाई. त्यांच्यामागे आणखी कुणी. बघता बघता साठ-एक माणसांची रांग झाली, आणि प्रत्येकाजवळ कारण तयार. कुणाचे मूल घरी एकटे, कुणाच्या चुलीवर सूप. रांगेच्या शेवटी एक भारदस्त गृहस्थ फोन कानाला लावून उभे होते, आणि तो फोन बंद होता. अध्यक्षमहाराज, मी नाव घेणार नाही.

(आता तेच हात वर करताहेत. ठीक आहे. रोमुआल्दासच होते.)

तेवढ्यात वरून आवाज झाला. दोन-चारच टाचा.

‘आपली,’ गेनुतेबाई म्हणाली. कोट शोधायचे नाटक तिने सोडून दिले आणि मान वर केली. ‘थांबा... परत आपली. हा जड आवाज म्हणजे तीन गुणांचा. आता बूट घासतील. नाही घासले! त्यांचा हुकला.’

आम्ही साठ जण छताकडे तोंड करून उभे. चौदा. अकरा. नऊ. ती सांगत होती आणि आम्ही मोजत होतो. शाळेत मुले कविता पाठ म्हणताना पुढची ओळ कुणीतरी सांगेल म्हणून जशी तोंडाकडे बघतात, तसे आम्ही त्या बाईच्या तोंडाकडे बघत होतो. सहा गुणांवर आलो तेव्हा मला राहवेना. मी जिन्याकडे वळलो.

‘मास्तर!’ स्टेफानियाबाई ओरडल्या. ‘खबरदार त्या पायरीवर पाय ठेवाल तर!’

‘अहो, पण सामना—’

‘कधीपासून आपलं चांगलं चाललंय? तुम्ही खाली आलात तेव्हापासून! उभे राहा इथंच. कुणी हलायचं नाही. लिउद्विकास, नाक पुसू नका!’

‘नाकाचा काय संबंध?’

‘मघाशी पुसलंत आणि त्यांनी दोन गुण केले!’

हसता काय? तुमच्यापैकी किती जण गेली तीन वर्षे तेच मोजे घालून येता, मला ठाऊक आहे. त्या क्षणी आम्हा साठ जणांची पक्की खात्री झाली होती की लाउकुपेचे भाग्य आमच्या पळपुटेपणावर उभे आहे. इतिहास डोक्यावर घडत होता, तेवीस पायऱ्यांवर, आणि आम्ही आपल्या पावलांनी स्वतःला त्यातून हद्दपार केले होते.

मग शांतता झाली. एका गुणाने मागे, एकोणीस सेकंद बाकी (हे नंतर कळले), आणि शिट्टी ऐकून गेनुतेबाई म्हणाली, ‘आपला टाइमआउट.’ चेंडू आपला.

मी गेनुतेबाईकडे पाहिले. ती छताकडे बघत नव्हती. जिन्याकडे बघत होती. दोन्ही हात फळीवर, आणि नजर त्या वरच्या दाराखालच्या उजेडाच्या रेघेवर. आपण वर्गात मुलांना विचारतो ना, कवीला इथे काय म्हणायचे आहे? मला त्या रेघेकडे बघून कुणी विचारायची गरज पडली नाही.

‘बाई, तुम्ही वर जा,’ मी म्हणालो.

‘आणि कोट?’

‘मी आहे ना.’

‘तुम्ही? तुम्हाला स्वतःचा कोट ओळखता येत नाही!’

‘आणि कुणी हलायचं नाही असं ठरलंय,’ स्टेफानियाबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज जरा खाली आला होता.

तेव्हा अध्यक्षमहाराजांनी जो निवाडा दिला, तो क्लबच्या दप्तरात लिहून ठेवावा अशी माझी सूचना आहे. ते म्हणाले, ‘गेनुतेबाई सदतीस वर्षं इथं खाली बसल्यात. सदतीस वर्षांत आपण किती वेळा हरलो? मग त्यांच्या खाली बसण्यात जादू असेल तरी कशी? जा बाई, जा! टाइमआउट एका मिनिटाचा असतो!’

तिने एप्रन काढला. माझ्या गळ्यात घातला, मागे गाठ मारली. ‘सातशेच्या पुढच्या खुंट्या कमजोर आहेत, तिथं हात लावू नका,’ एवढे सांगितले आणि निघाली. गुडघे दुखणारी बाई, एक हात कठड्यावर. आम्ही पायऱ्या मोजत होतो. बारा. पंधरा. विसाव्या पायरीवर वरची शिट्टी वाजली. खेळ सुरू झाला. कुणीतरी हळूच म्हणाले, ‘चल गं, चल गं माझी बाई.’ लिउद्विकास असावेत.

दार उघडले. दार मिटले.

आणि मग आमच्या लक्षात आले की आमची दुभाषीच वर गेली. आता आवाजाचा अर्थ कोण सांगणार? वर काही आपटत होते, काही घासत होते, आम्हाला काही कळेना. मग तेही थांबले. तेवढी शांतता मी परीक्षेच्या दालनातही ऐकलेली नाही. स्टेफानियाबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की आजही निळा आहे. पाहायचा असेल त्यांनी नंतर पाहावा.

आणि गॅलरी कोसळली. म्हणजे आम्हाला तसे वाटले. छताच्या फटींतून साठ वर्षांची धूळ आठशे कोटांवर पडली.

‘टाचा!’ स्टेफानियाबाई किंचाळल्या. ‘टाचा आहेत, मास्तर! टाचा!’

पुढचे तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हीच केलेत. कोट न्यायला कुणी आले नाही. सगळे गाव शर्टांवर बर्फात धावले. कोरड्या कारंज्याभोवती फेर धरला. अग्निशमनवाल्यांनी भोंगा लावला, राय-पावाच्या आंबूस गिर्‍याची पिंपे रस्त्यावर आली. पाद्रीबाबांनी घंटा वाजवली आणि दुसऱ्या दिवशी ‘चुकून दोरी ओढली गेली’ म्हणाले. शाळेजवळच्या खांबावरचे खरे करकोचे डोक्यावर बर्फ घेऊन घरट्यात उभे होते, त्यांनीही म्हणे चोची वाजवल्या. हे सगळे मी ऐकीव सांगतो आहे. माझ्याबरोबरचे एकोणसाठ पळपुटेही जिना चढून पसार झाले होते. मी मात्र जाऊ शकलो नाही. माझ्या गळ्यात एप्रन होता आणि मी शब्द दिला होता.

आठशे कोट आणि मी. बाहेर माझ्या गावाचा आनंद, आणि मी त्याच्याखाली बसून तो ऐकत होतो. कुठला आवाज कुणाचा, ओळखू पाहत होतो. पंधरा मिनिटे झाली असतील. सदतीस वर्षे म्हणजे काय, याचा थोडासा अंदाज तेवढ्यात आला.

मग ती आली. पायऱ्या उतरून, फळीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली. जिथे आपण उभे राहतो तिथे.

‘पाहिलंत?’ मी विचारले. सदतीस वर्षांत पहिल्यांदा.

‘आधी काही दिसेना. पुढे एकजण टोपी घालून उभा. म्हटलं, टोपी काढा! हॉलचा नियम आहे! घाबरून काढली बिचाऱ्याने. मग दिसलं.’

‘काय दिसलं?’

तिने कोपर फळीवर टेकले. मग म्हणाली, ‘मास्तर, तो चेंडू जाळीतून जातो ना, त्याचा आवाजच होत नाही हो. मला वाटायचं, केवढा दणका होत असेल. तुम्ही सगळे वर एवढे आदळता, मला वाटायचं तो चेंडूच पडतोय. तो तर पीठ चाळावं तसा अलगद खाली येतो. आणि कुणीच ओरडत नाही. एवढासा वेळ सगळे नुसते बघत असतात.’ तिने बोटाने कणभर वेळ दाखवला. ‘तो एवढासा वेळ मला खाली कधी ऐकू आला नव्हता.’

बेचाळीस वर्षे कविता शिकवली, मित्रहो. ओळ कुठे तोडायची, श्वास कुठे घ्यायचा, ते मुलांना ओरडून ओरडून सांगितले. त्यातला एक मुलगा तिकडे मागे बसला आहे, आर्नास. प्रत्येक कवितेच्या तिसऱ्या ओळीला अडायचा. गुरुवारी शेवटचा चेंडू त्यानेच टाकला. आर्नास, बाळा, तुला सगळे गुण दिले. जुने धरून.

आता कामाचे. क्लबने गेनुतेबाईंना पहिल्या रांगेतली मधली खुर्ची कायमची दिली आहे. रविवारी उपांत्य सामना, इथेच. ती तिथे बसेल, सुरुवातीपासून. कोट कोण सांभाळणार? त्या दिवशीचे आम्ही साठ जण, पाळीपाळीने. पहिली पाळी माझी, दुसरी अध्यक्षमहाराजांची. ते उपांत्य सामन्याचा अर्धा भाग खाली बसून ऐकतील. त्यांनी हे अजून ऐकले नव्हते, आता ऐकले.

नगराध्यक्षांनी हॉल दिला, स्टेफानियाबाईंनी हा माणसाएवढा उंच शाकोतिस केक भाजला, खेळाडूंनी आज सराव बुडवला, आणि तुम्ही एका म्हाताऱ्याची कबुली शिट्ट्या न मारता ऐकून घेतली. सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचे नाव राहिले असेल, कुणाचे नको तिथे आले असेल, दहाची वीस मिनिटे झाली असतील, तर ते सारे पोटात घालावे.

यानंतर गेनुतेबाई दोन शब्द बोलणार आहे. तिला बोलायची सवय नाही, वेळ लागेल. मागच्या दारापाशी दोघे-तिघे हळूच उठताना मला दिसताहेत. सावकाश जा हं. पण जाण्याआधी लक्षात असू द्या, खालच्या खोलीची किल्ली या एप्रनच्या खिशात आहे, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत, मंडळी, तुमचे कोट सापडत नाहीयेत.