गिऱ्याच्या पंगतीचं वरण

ऐका. जरा जवळ सरका. खाडीच्या गोष्टी मोठ्याने सांगू नयेत.

धाकू घरत नावाचा आचारी होता. सकाळी कुरणवाडीत भाचीचं लग्न, दोनशे पानांचा स्वयंपाक त्याच्या हाती. म्हणून दिवस मावळल्यावर तो झारा खांद्यावर टाकून आंबेखारच्या बांधावरून निघाला. भीती नव्हती. गिरा, म्हणजे खाडीतलं भूत, खाऱ्या पाण्यापुरताच. गोड पाण्याची पहिली विहीर आली की त्याची हद्द संपते, असा खाडीकाठचा पक्का समज. आणि बांधालगतची विहीर पिढ्यान्‌पिढ्या गोड होती.

होती! ऐकताय ना? तिच्यावर आता तीन पंप बसले होते.

धाकूने विहीर ओलांडली. पुढे पाहतो तर तीच विहीर. पुन्हा चालला. पुन्हा तीच! तिसऱ्यांदा काठावर निथळत्या धोतराचा म्हातारा बसलेला.

"या आचारी. पंगत खोळंबली आहे."

चूल पेटलेली, हंडा चढवलेला, तूरडाळ निवडलेली. आणि चांदण्यात पानं मांडून शंभर जण बसलेले. एकाचेही पाय जमिनीला टेकलेले नाहीत!

"आधी वरण खाऊ," म्हातारा म्हणाला, "मग तुला."

धाकूने डाळ वैरली. तास गेला, डाळ खड्यासारखी. यात माणसाने सुख मानावं की नाही? पण आचाऱ्याचा स्वभाव! त्याला लाज वाटली. त्याने जाळ वाढवला. स्वतःच्या मरणाची घाई स्वतःच करत होता, बघा!

"आचारी आहेस की हमाल?" पंगतीतून कोणी ओरडलं.

धाकूने पाणी चाखलं आणि उसळला. "तोंड सांभाळा! पाणी खारं आहे. असल्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, माझ्या हाताला बोल लावू नका. आणि तू रे, गोड विहिरीत आलासच कसा?"

"मी आलो?" गिरा ताडाएवढा झाला. "तुम्ही ओढून आणलंत! गोड पाणी हलकं, माझ्या अंगावर पांघरुणासारखं पसरलेलं. पंप लावून ते उपसलंत. मी उघडा पडलो, वर आलो." मग वाकून लाडाने म्हणाला, "बरं, दुसरी गोड विहीर दाखव. तुला सोडतो."

धाकूला ठाऊक होती: भाचीच्या मांडवामागची. नाव ओठांवर आलं. पण गिरा जाईल तिथे खार जाणार. सबंध वाडी काय पिणार?

"गरज नाही," तो म्हणाला. "याच पाण्यात शिजवून दाखवतो."

आणि ढवळत राहिला. "झालं का?" "एक उकळी." "आता?" "आणखी एक." भुतं भुकेने एकमेकांची पानं चावू लागली! शेवटी कोंबडा आरवला. विहीर, काठ, आणि धाकू. बाकी कोणी नाही.

धाकू पळत सुटला तो थेट लग्नघरी, आणि आधी जाऊन विहिरीवरचा पंप बंद केला. "अहो, मांडवात पाणी नाही!" भाचीचा बाप ओरडला. "पोहऱ्याने काढा, दाजी," धाकू म्हणाला, "आणि लागेल तेवढंच काढा."

म्हणून सांगतो, आंबेखारच्या त्या वाटेला कधी जाऊ नका. वाट टाळणं सोपं आहे.

पण वहिनी, आज दुपारी तुमच्याकडची डाळ अडीच तास शिजत होती म्हणे. पाणी कुठल्या विहिरीचं?