मशीनवाले काका कुठे गेले?

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. औषध घातल्यामुळे बापाचे डोळे मिटलेले होते, तोंड मात्र चालू होतं.

"बाबा, दोन एसईओ सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून बघितली. आता त्यातलं एक घ्यायचंय."

"त्यानं होतं काय?"

"कुणी इंटरनेटवर शिलाई मशीन दुरुस्ती शोधली, की आपलं दुकान आधी दिसतं. लोक नेमकं काय शोधतात, तेही कळतं."

"मग शोधतात का तू ठेवलेलं नवीन नाव?"

"नाही."

"पाटी तर केवढी थोरली लावलीस!"

"दोन्ही सॉफ्टवेअर एकच सांगतात. लोक 'मशीनवाले काका' असं टाइप करतात. 'मशीनवाले काका कुठे गेले' असंसुद्धा."

"घरी बसवलं म्हणून सांग की! हात थरथरतात, गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही. तुझेच शब्द."

"बाबा, इथे नको."

"बरं, राहिलं. उद्यापासून येतो दुकानात. कुठलंच सॉफ्टवेअर घेऊ नकोस."

"तुम्ही कशाला दगदग करता? वेबसाइटवर 'मशीनवाले काका' लिहू आणि वर तुमचा फोटो लावू. तेवढं पुरे."

"आणि कुणी मला शोधत दुकानात आलं तर?"

"आत कामात आहेत, म्हणून सांगू."

म्हाताऱ्यानं मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली.

"लाव बाबा, लाव. माझा फोटो तू कधीतरी लावणारच होतास. जरा आधी लाव."