चॉकलेटची गाठी

हॅलो?… हं, बोल कोकिळा. पाडव्याच्या शुभेच्छा. कशी वाटली गाठी सासूबाईंना?…

काय गळून राह्यलं?…

कलश? कलश कसा गळंल, तांब्याचा आहे ना तो?… अगं ऐक ना, सावकाश बोल. एकेक वाक्य. रडत सांगशील तर मले काहीच समजणार नाही… हं… हं… काळं? म्हणजे पातळ, का घट्ट?…

थांब. तुम्ही ती गाठी गुढीले बांधली?

बाहेर? गच्चीवर?… हो, हो, गुढी घरात उभारत नाहीत, माहीत आहे. इथं मोताळ्यातबी पाडवा असते, कोकिळा.

किती वाजता बांधली?… साडेसात. आता सव्वादहा. पावणेतीन तास. एवढी टिकली हेच खूप झालं. अगं, खोबरेल तेलात गोठवली ती. चोवीस-पंचवीस अंशाच्या वर खोबरेल तेल घट्ट राहातच नाही. तिकडं दुसरबीडले आता पस्तीस तरी असतील… हो, मीच बनवली. हो, मले माहीत होतं. म्हणून तर सूचना लिहून पाठवल्या!

कागद होता ना डब्यात? थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीवर?… सापडला. वाचला?… सासूबाईंनी तुह्याकडून वाचून घेतला, सगळ्यांसमोर. बरं. मग काय होतं त्यात?… "एक, डबा मिळताच गाठी फ्रीजमध्ये ठेवावी." ठेवली?… रात्रभर. शाब्बास… हं, ते खजुराचं. "साखर अजिबात नाही, तरी भगवानकाकांनी दिवसाला दोनच पदकं खावीत." बरोबर, तुह्या सासऱ्यांची शुगर पाहूनच लिहिलं ते. पुढं वाच… पाच… सहा… सात. आणि आठ?

सातच कशा असतील? पालट कागद… कोरा? नीट पाहा. "गाठी गुढीला बांधू नये." लाल पेनानं लिहिलं, खाली रेघ मारली. मले चांगलं आठवते…

तुले वाचता येत नाही असं मी कुठं म्हटलं?… सासूबाई म्हणून राह्यल्या? सगळ्यांपुढं?…

साडी कोणती लावली गुढीले?… शालू. तुहा?… सासूबाईंचा. लग्नातला. बेचाळीस वर्षांपासून दर पाडव्याले तोच… अरे देवा… नाही, मी कुठं काय म्हटलं, खोकला आला.

डाग केवढा आहे?… हाताएवढा? हात मोठा का लहान?… म्हणजे वीतभर. काठावर, का मधात?… दोन्हीकडं. घासला नाही ना कोणी?… जवाईबापूंनी? कशानं?… ओल्या टॉवेलानं, झाडूच्या दांडीले बांधून. त्यांना सांग, आता हात लावू नका. तेल आहे ते, पाण्यानं जाणार नाही, नुसतं पसरंल.

ऐक. आधी गुढी उतरवा… का?… हो, सूर्यास्ताच्या आधी उतरवत नाहीत, पण कोकिळा, इथं शालू… बरं. बरं, नाही उतरवायची. मग नुसती गाठी सोडून घ्या… शिडी पुरत नाही. बांबू वाकवून?… वाकवायचाबी नाही. मग राह्यलं काय!

छत्री आहे घरी? मोठी?… मग जवाईबापूंना कठड्यापाशी उभं कर, छत्री काठीले बांधून गुढीवर धरायले सांग. हो, आत्ता. जा, मी थांबते…

झालं? कसं दिसून राह्यलं?… गल्लीतले पाहून राह्यले? पाहू दे. पाडव्याले काय, लोक वरच पाहतात… काय विचारून राह्यले? 'गुढीले ऊन लागते काय?' हसू नको, सासूबाई बाजूलेच असतील…

हं. कोकिळा, एक सांगू का. ती छत्री. तिचा काही उपयोग नाही. सावलीतबी पस्तीसच अंश असतात. चोवीसले गोठते ते… हो, मीच सांगितलं. घाईत सांगितलं. उतरव त्यांना… नाही, थांब, राहू दे. काहीतरी चालू आहे असं दिसलेलं बरं. फक्त हात बदलायले सांग.

काका कुठं आहेत? चिडले का?… गुढीखाली? खुर्ची टाकून?… वाटी घेऊन! काऊन?… शालूच्या काठावरून थेंब पडते तो झेलून राह्यले. शालू वाचवून राह्यले म्हणे. किती जमलं वाटीत?… रिकामी? पावणेतीन तासांपासून गळून राह्यलं आणि वाटी रिकामी? कोकिळा, ती वाटी घे त्यांच्या हातातून. दोन पदकं म्हणजे किती थेंब, ते मी कागदावर लिहिलं नाही!

हं, बोल, ऐकून राह्यली. ओटा पुसून राह्यली, परवा रात्रीचा पसारा तसाच आहे. हलवायाचा साचाबी परत द्यायचा आहे. कोको वजनावर, खजूर वजनावर, शेंगदाण्याचा कूट वजनावर, तीनदा करून पाह्यलं तेव्हा पदकं सुटली साच्यातून… हो, कशाले केलं एवढं. साधी साखरेची पाठवली असती तर… पण काकांची शुगर… आणि तुहा पहिला पाडवा तिथं. म्हटलं, सर्वांना खाता येईल अशी…

…

नाही, आहे मी. काही नाही. वजनकाटा उचलला फक्त.

काही नाही म्हटलं ना… कागद आहे. काट्याखाली. भाजीचा हिशेब असंल… हं. हं… लाल पेनानं.

तू काय म्हणत होती? सासूबाई काय म्हणून राह्यल्या?… "शिकलेली पोर, अन् बहिणीचा एक कागद धड वाचता येत नाही." सकाळपासून?… पाव्हण्यांसमोरबी? शेजारच्या बायकांसमोर?… तू तर मलेबी काही नाही बोलली.

कोकिळा, फोन दे त्यांना… दे म्हटलं ना. नाही, मी वाद नाही घालत. दे.

हॅलो… नमस्कार मावशी. सुचिता बोलते, मोताळ्याहून. पाडव्याच्या… हो… हो, ते ऐकलं मी… शालूचं फार वाईट वाटलं… हो मावशी… हो, बेचाळीस वर्षं… नाही, बाजारात नाही मिळत आता तसा…

मावशी, एक बोलू का?… नाही, तिची बाजू नाही घेत. ऐका ना. कोकिळेनं कागद नीट वाचला. होता तेवढा सगळा वाचला. दुसरा कागद होता, तो माझ्याकडंच राहिला. आत्ता सापडला, वजनकाट्याखाली… हो. माझ्याच ओट्यावर… नाही, कोणी ठेवला नाही, मीच ठेवला… हो मावशी, शाळेत विज्ञानच शिकवते. बावीस वर्षं झाली.

वाचून दाखवू?… आता?… स्पीकरवर कशाला… बरं. लावा. सगळे आहेत का?… वाचते. "आठ. गाठी गुढीला बांधू नये. उन्हात वितळेल." बस, एवढंच आहे… खाली रेघ आहे, हो. दोन रेघा.

आता तिला कोणी काही म्हणू नका, एवढंच… हो, स्पीकरवरच म्हणते. चूक माझी आहे.

काय मावशी?…

…

"गुढीला बांधायचीच नव्हती, तर गाठी काऊन बनवली? लाडू वळायचे होते."

…

हो. वळता आले असते… सोपे गेले असते.

पण मावशी, आई असती तर पहिल्या पाडव्याला तिनं गाठीच पाठवली असती. माहेरहून लाडू कसे पाठवू? म्हणून गाठी.

…

काय म्हणालात मावशी?… मी यायचं?

आज?… आजच?… येते की. मलकापूर रोडवरून गाडी मिळंल, बुलढाण्याला बदलते. चार-पाच तास धरा… हो, गुढी उतरायच्या आत पोचते. डाग मीच काढते. आधी थंड करून खरवडायचं, मग टाल्कम पावडर भुरभुरायची, ती तेल ओढून घेते, त्यानंतर… हो. हो, आल्यावर सांगते. आल्यावर करते.

येताना काय आणू?… साखरेची. हो, बाजारातून घेते. लहान नाही, मोठी घेते… बांधायची. हो मावशी, गुढीलाच. उतरायच्या आधी घटकाभर का होईना.

आणि जवाईबापूंना म्हणावं, छत्री ठेवा आता खाली… काय? काका त्याच छत्रीखाली बसले आहेत?… वाटी?… भरली नाही अजून. बरं.

नाही मावशी… नाही, कागद नाही आणत. नुसती येते.

ठेवते.