कोरी राहिलेली दोन पानं

माझं कॉलेज कुणामुळे सुटलं ते सोडा, कुणामुळे सुटलेलंच राहिलं ते ऐका. दोन पेपर राहिलेले असताना मी इथे जपानात घरी बसलो. समजवायला आईने खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांना बोलावलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ह्या माणसाकडे उपदेशाशिवाय दुसरा धंदा नाही. ते जपानी बायकोला, केइकोकाकूंना, घेऊन आले. हातात फेरप्रवेशाचा फॉर्म आणि एक वही.

"सही कर, नाहीतर पुण्याला पाठवते," आई म्हणाली.

काकांनी वही उघडली. "आळवार संतांनी तमिळमध्ये गायलेली विष्णूची एकशे आठ देवळं. इथल्या देवळांत वहीवर शिक्का देतात ना, तसा प्रत्येकाचा आहे."

तिकडे भारतात असा शिक्का कोणी देत नाही. काकांनी इथेच, आमच्या एदोगावा भागात, रबरी शिक्का करून घेतला होता आणि प्रत्येक देवळाबाहेर स्वतःच मारला होता.

"हाती घेतलेलं पुरं करावं," काका म्हणाले.

मी शेवटची पानं उलटली. दोन कोरी होती.

"ही?"

"क्षीरसागर आणि वैकुंठ. ती मेल्यावरच होतात."

"मारून टाका की. शिक्का तुमचाच आहे."

"दर्शनाशिवाय मी मारत नाही."

केइकोकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "काळजी नको. आमच्याकडे ही वही माणसाच्या शवपेटीत ठेवतात. मी शिक्कापण ठेवीन. शाईचं पॅडसुद्धा."

काकांनी वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "तशी काही घाई नाहीये."

"मलाही नाही," मी म्हणालो.

काकांनी फॉर्मची घडी घातली आणि त्या दोन कोऱ्या पानांमध्ये ठेवून दिली.